शाळेतले तंत्रज्ञान मूळ हेतूपासून का भरकटते? गोव्यातल्या पालकांचे आणि शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात मी अठ्ठावीस वर्षे गणित शिकवले. शेवटची बारा वर्षे संगणक कक्षाची चावीही माझ्याकडेच होती. आता निवृत्तीनंतर पालक-शिक्षक संघांच्या सभांना बोलावणे येते, कधी सत्तरीतून, कधी डिचोलीतून, कधी काणकोणातून. गाव बदलते, प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र उतरवून ठेवले आहेत.

धोरण "भरकटते" म्हणजे नक्की काय होते?

बंद पडलेली योजना सगळ्यांना दिसते. भरकटलेली योजना चालूच असते. तासिका होतात, अहवाल जातो, वेळापत्रकात विषयाचे नाव असते. ज्यासाठी ती सुरू केली, ते मात्र त्यात उरलेले नसते.

माझ्याच वर्गाचे सांगते. कक्ष नवा होता तेव्हा आठवीची मुले प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून शाळेच्या गच्चीवर ठेवत. जून-जुलैचा पाऊस रोज मोजायचा, आकडे संगणकात भरायचे, आलेख काढायचा. एका मुलाने विचारले होते, "बाई, आमच्या वाड्यावर जास्त पडला, मग शाळेचा आकडा गावाचा कसा?" सरासरी शिकवायला याहून चांगला प्रश्न मला पुन्हा मिळाला नाही. चार वर्षांनी त्याच कक्षात मुले वहीत लिहीत होती: "संगणकाचे मुख्य भाग किती व कोणते?" लेखी परीक्षेला गुण होते, प्रात्यक्षिक तपासायला वेळ नव्हता, निम्मी यंत्रे बंद होती. पाऊस मोजायचा नाही असे कोणीच ठरवले नव्हते. तसे परिपत्रक आले नाही, मुख्याध्यापकांनी सांगितले नाही, मीही ठरवले नव्हते. तरी ते थांबले, आणि ते थांबल्याचे माझ्या लक्षात यायला एक वर्ष गेले. ही गोष्ट मला आजही लागते.

मग चूक कुठे होते? दिल्लीत, पर्वरीतल्या राज्य सरकारात की शाळेत?

कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो तिथे. धोरणात वाक्य असते की मुलांनी स्वतः शोधावे, विचार करावा, तयार करावे. ते वाक्य खात्यात पोचते तेव्हा त्याला अंदाजपत्रकात बसावे लागते, म्हणून त्याचे "प्रयोगशाळा उभारणे" होते. निविदेत त्याची यंत्रांची यादी होते. शाळेत ती पोचपावती होते आणि शिक्षकाकडे तासिका म्हणून येते. प्रत्येक जण आपल्या पायरीवरचे काम प्रामाणिकपणे करतो आणि पुढच्याला सोपे जाईल अशा भाषेत ते सोपवतो. "विचार करावा" याची पोचपावती देता येत नाही, "२५ संगणक मिळाले" याची देता येते. म्हणून शेवटपर्यंत फक्त दुसरे वाक्य टिकते.

एकच खलनायक शोधत बसलात तर तो सापडणार नाही. अशा शोधात सभा संपलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे आपल्या गोव्यातच होते का?

नाही. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये "क्लास" नावाचा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला आणि ब्रिटनमधले बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत आणले. संगणकाची भीती जावी, मुलांनी तो हाताळावा, हा हेतू. शिक्षक तयार करण्याचे काम मात्र यंत्रांच्या वेगाने झाले नाही.

दूरचे उदाहरण पेरूचे. शंभर डॉलरांचा लॅपटॉप प्रत्येक मुलाच्या हाती, ही कल्पना २००५ मध्ये जगापुढे आली आणि पेरूने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: मुलांच्या हाती यंत्रे नक्की आली, पण गणित आणि भाषेच्या गुणांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. तिथल्या अध्यापनात काहीच बदलले नव्हते, मग गुण कशाने बदलणार?

आपल्याकडचा, केंद्र सरकारने आणलेला २०११ चा स्वस्त "आकाश" टॅबलेट अनेकांना आठवत असेल. त्याच्या बातम्या सगळ्या किमतीभोवतीच फिरत होत्या. त्यावर शिकायचे काय, हे शोधायला बातमीच्या तळापर्यंत जावे लागे.

गोव्यातल्या योजना कशा बदलत गेल्या?

आपल्या राज्याचा इतिहास या बाबतीत बराच समृद्ध आहे आणि तो विसरला जातो याचे वाईट वाटते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशस्थ गोमंतकीय आणि इथले स्वयंसेवक यांनी मिळून शाळांना संगणक मिळवून देण्याची चळवळ उभी केली. बाहेरच्या देशांत वापरून झालेली यंत्रे आणायची, त्यांवर लिनक्स ही मोफत मिळणारी कार्यप्रणाली चालवायची, म्हणजे सॉफ्टवेअरचे पैसे वाचतात. यात एक मोलाची गोष्ट होती: यंत्र जुने असल्यामुळे कोणाला तरी ते उघडून दुरुस्त करायला शिकावेच लागे.

मग २००२ च्या सुमारास सरकारची सायबरएज योजना आली. अकरावीच्या मुलाच्या घरी संगणक द्यायचा, हा विचार त्या काळी धाडसी होता. शाळेत आठवड्याला चाळीस मिनिटे मिळणारे यंत्र घरात असले तर भावंडे, आई-बाबा, शेजारी सगळेच शिकतील, हा त्यामागचा हिशोब. पुढच्या दशकात त्याच नावाखाली पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती टॅबलेट आले. नाव तेच राहिले, पण वय बदलले, यंत्र बदलले, घराच्या जागी एकेक मूल आले. अकरावीची मुलगी घरच्या टेबलावर पत्र टाइप करायला शिकते आणि दहा वर्षांचा मुलगा पडद्यावर बोट फिरवतो, ही दोन शिक्षणे वेगळी आहेत. दोन्हींसाठी वेगळा हेतू लिहून काढायला हवा होता, असे माझे मत आहे. जुने नाव चालू राहिले की जुना हेतूही चालू आहे असा समज होतो, आणि मग नव्याने विचार करायचे राहून जाते.

मोजमाप काटेकोर ठेवले तर हे थांबेल ना?

मलाही बरीच वर्षे तसेच वाटे. १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनधोरणाविषयी लिहिताना दाखवून दिले की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी भार टाकला की तो आकडा भरवशाचा राहत नाही. त्याच सुमारास डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने परीक्षेच्या गुणांबाबत तेच मांडले. आपल्या शाळांत याचा अर्थ असा: युडायस या देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदसंचात संगणक किती आणि चालू किती हे भरायचे असते. ते भरलेच पाहिजे, त्याशिवाय नियोजन होणार नाही. पण मुलाने त्या यंत्रावर या वर्षी स्वतःचे असे काय केले, याला रकाना नाही. ज्याला रकाना आहे त्याचीच काळजी घेतली जाते. तपासणीच्या आदल्या दिवशी एका शाळेत सगळी यंत्रे चालू करून ठेवलेली आणि दुसऱ्या दिवशी कक्षाला पुन्हा कुलूप, हे मी पाहिले आहे. तिथल्या शिक्षकांना दोष द्यावासा वाटला नाही. त्यांना जे विचारले जाणार होते त्याचीच त्यांनी तयारी केली होती.

यंत्र घ्यायला पैसे मिळतात, दुरुस्तीला का मिळत नाहीत?

माझ्या मते भरकटण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते.

सरकारी हिशोबात खर्चाचे दोन कप्पे असतात, भांडवली आणि महसुली. संगणक भांडवली खर्चात येतो: एकदाच मंजूर, मोठी रक्कम, उद्घाटन. की-बोर्ड बदलणे, यूपीएसची बॅटरी, इंटरनेटचे बिल, कंत्राटावरच्या सहायकाचा पगार हा दर वर्षी लागणारा खर्च, म्हणजे महसुली. तो दर वर्षी नव्याने मागावा लागतो आणि काटछाट सुरू झाली की कात्री आधी त्याच्यावरच पडते.

त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की बंद खोलीतल्या पुस्तकांना बुरशी येते, मग मदरबोर्डचे काय होत असेल? किनाऱ्याजवळच्या शाळांत खारी हवा धातूचे जोड खाते. झाडाची फांदी तारेवर पडली की वीज जाते, परत येताना झटक्याने येते, आणि एका झटक्यात चार यंत्रे जातात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीनंतर कक्ष उघडला की काय काय बंद पडले ते मोजायचे, हा आमचा दर वर्षीचा कार्यक्रम. सुट्टीतही कोणी एकाआड एक दिवस येऊन यंत्रे अर्धा तास चालू ठेवली तर बरीचशी वाचतात. पण सुट्टीत येणाऱ्या माणसाच्या बसभाड्याला कुठल्या शीर्षाखाली पैसे टाकायचे, याचे उत्तर आम्हाला कधी मिळाले नाही.

आता गणित करा. पंचवीस यंत्रांतली दहा बंद पडली की चाळीस मुलांच्या वर्गात एका यंत्रावर जवळजवळ तिघे येतात. एकाचा हात माउसवर, दोघे बघे. शिक्षक प्रात्यक्षिक सोडून फळ्यावर येतो. फळ्यावर आला की वहीत नोंदी येतात, नोंदी आल्या की लेखी परीक्षा येते. पाऊस मोजणारा वर्ग "मुख्य भाग किती" लिहिणारा वर्ग कसा झाला, त्याचा सगळा रस्ता हा असा आहे.

शिक्षकच वापरत नाहीत असे म्हणतात. खरे का?

काही जण वापरत नाहीत. बहुतेकांना कोणती कळ दाबायची हे शिकवलेले असते, अपूर्णांक शिकवताना त्या कळीचा उपयोग काय हे शिकवलेले नसते. प्रशिक्षण दोन दिवसांचे असते, प्रमाणपत्र मिळते, आणि खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात येते तेव्हा विचारायला कोणी नसते. शेजारच्या दोन-तीन शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापला एक धडा एकमेकांना दाखवणे, एवढ्याने आमच्या भागात जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही सभागृहातल्या प्रशिक्षणाने पडला नाही.

कोडिंग आणि रोबोटिक्सचेही असेच होईल का?

गोव्यात २०२१ पासून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना आहे, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी. कल्पना मला मनापासून आवडते. सूचना एकापाठोपाठ एक मांडणे, चूक शोधणे, पुन्हा करून पाहणे हे गणिताच्या शिक्षकाला हवेच असते.

धोका ओळखायचा असेल तर प्रदर्शनाकडे लक्ष ठेवा. वार्षिक प्रदर्शनात दर वर्षी त्याच चार हुशार मुलांचा रोबो पुढे येत असेल आणि मागच्या बाकावरच्या मुलीने किटला हातही लावला नसेल, तर योजना भरकटू लागली आहे. किट महाग असते, सुटे भाग हरवतात, म्हणून ते कपाटात जाते आणि पाहुणे आल्यावर बाहेर निघते. सुटे भाग हरवले तर शिक्षकाच्या पगारातून कापले जाणार नाहीत, असे मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितले तर अर्धे काम होते.

भाषेचा याच्याशी काय संबंध?

फार मोठा आहे. आपल्याकडचे बरेचसे मूल चौथीपर्यंत मराठीत किंवा कोंकणीत शिकते आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात जाते. नेमक्या त्याच वयात संगणकाशी त्याची खरी गाठ पडते, आणि पडद्यावरचे सगळे शब्द इंग्रजी. मूल "फाइल", "सेव्ह" पाठ करते, पण आपण काय जपून ठेवतो आहोत हे त्याला कळलेले नसते. मग शिक्षकाला वाटते याला संगणक जमत नाही. मी एका वर्षी पहिले दोन महिने मराठी टाइपिंगच घेतले. मुलांनी आजीकडून ऐकलेल्या ओव्या टाइप केल्या. पडद्यावर आपली भाषा उमटते हे दिसल्यावर त्यांचे हात मोकळे झाले. अभ्यासक्रमात हे कुठेच नव्हते.

शाळेत मोबाइलला बंदी, आणि गृहपाठ मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर. हे कसे?

हा प्रश्न आया विचारतात, आणि रागाने विचारतात. तो राग रास्त आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट ही तात्पुरती सोय होती. सांगे, सत्तरी, काणकोणातल्या काही गावांत नेटवर्कसाठी मुले डोंगर चढून जात होती, पावसात प्लास्टिक पांघरून बसत होती. त्या काळात त्या गटाने मुलांना शाळेशी जोडून ठेवले, हे मी विसरणार नाही. शाळा उघडल्या, गट मात्र कोणी बंद केला नाही. तातडीसाठी केलेली सोय मुदत न घालता केली की ती नियम होऊन बसते. आता रात्री नऊला गृहपाठ येतो, आई कामावरून येईपर्यंत मूल फोनची वाट बघते, मग त्याच फोनवर बाकीचेही सगळे येते. घरात एकच फोन आणि तीन मुले असली तर कोणी आधी लिहायचे?

उपाय अगदी साधा आहे. गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहावा आणि मुलाने वहीत उतरवून घ्यावा. गटावर फक्त सुट्टी आणि बसच्या सूचना. ज्या शाळांनी पालक सभेत असा ठराव केला, तिथे तो टिकलेला मी पाहिला आहे, कारण शिक्षकांनाही रात्रीच्या संदेशांतून सुटका हवीच होती.

अ‍ॅपसाठी मुलाची माहिती आणि आधार मागतात. द्यावीच लागते का?

आधार क्रमांक नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात हे स्पष्ट केले. २०२३ पासून आलेल्या "अपार" या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती घ्यावी लागते, आणि संमती म्हटले की नाही म्हणण्याचा अधिकार त्यात आलाच. २०२३ चाच डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घालतो.

ही काळजी अनाठायी नाही. "दीक्षा" हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षण व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः शिक्षकांसाठी. महामारीत ते मुलांच्या अभ्यासाचे साधन बनले. २०२३ च्या जानेवारीत उघड झाले की त्याची लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती एका असुरक्षित सर्व्हरवर उघडी राहिली होती. त्याआधी २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने ४९ देशांतली दीडशेहून अधिक शैक्षणिक साधने तपासली, आणि दर दहांतली जवळजवळ नऊ मुलांच्या माहितीशी अयोग्य रीतीने वागत असल्याचे आढळले. धडा पोचवण्यासाठी आणलेले साधन माहिती गोळा करू लागते, हे भरकटणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

हेतू बदलणे नेहमी वाईटच असते का?

नाही. आमच्या कक्षातला प्रिंटर परीक्षेच्या कामासाठी आला होता. मुलांनी त्यावर दर महिन्याला भित्तिपत्रक छापायला सुरुवात केली आणि शाळेतले सगळ्यात जास्त वापरले जाणारे यंत्र तोच ठरला. अशा बदलाला आडवे जाऊ नये. बदल कोणाच्या सोयीसाठी झाला, एवढे पाहावे.

पालक म्हणून आम्ही सभेत काय विचारावे?

"संगणक किती आहेत?" हे विचारू नका, त्याचे उत्तर तयार असते. असे विचारा: माझ्या मुलाने गेल्या महिन्यात यंत्रावर स्वतःच्या हाताने काय केले, ते दाखवाल का? दुरुस्तीसाठी या वर्षी किती रक्कम ठेवली आणि ती कोणाच्या सहीने खर्च होते? ही योजना सुरू करताना शाळेने कोणता हेतू लिहिला होता? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा शांतता पसरते. त्या शांततेत कोणाला अपमान वाटू देऊ नका. तिथेच एक वाक्य सगळ्यांनी मिळून लिहा, इतिवृत्तात घाला, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या सभेत ते मोठ्याने वाचायला सांगा.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. गोव्याने आपला माहिती अधिकार कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाच्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. तरी आधी मुख्याध्यापकांना भेटा. बहुतेक वेळा कागद लपवलेला नसतो, तो कोणी मागितलेलाच नसतो.

मोडके संगणक खोलीत पडून आहेत. त्यांचे काय करायचे?

जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते आणि ती काढल्याशिवाय वस्तू हलवायची भीती वाटते, म्हणून चांगली खोली वर्षानुवर्षे अडते. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वस्तू वगळण्याचा, प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पाठवायचा असतो. भागशिक्षणाधिकारी भेटीला येतील तेव्हा ती खोली त्यांना दाखवा. मंजुरी मिळाली की यंत्रे भंगारवाल्याला देऊ नका. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे गेली पाहिजेत. आणि देण्यापूर्वी प्रत्येक यंत्रातली हार्ड डिस्क काढून घ्या. आमच्या शाळेत अशा एका जुन्या डिस्कवर सात वर्षांपूर्वीच्या दहावीच्या सगळ्या मुलांचे फोटो, पत्ते आणि पालकांचे फोन नंबर जसेच्या तसे सापडले होते. त्याच डिस्कवर दुसऱ्या एका फोल्डरात पावसाचे आलेख होते. ते मी माझ्याकडे उतरवून घेतले.